बागेत तरवड कसा लावायचा: बियांपासून छाटणीपर्यंत सगळं

दर उन्हाळ्यात लोक एकच विचारतात, बोअरचं पाणी गेलंय, टँकर परवडत नाही, तर कमी पाण्यात जगेल, बारा महिने हिरवं राहील आणि फुलंही देईल असं एखादं झुडूप सांगा. मग नर्सरीत जाऊन बोगनवेल नाहीतर टेकोमा घेऊन येतात. दोन्ही अमेरिकेकडून आलेली झाडं. आणि ज्या रस्त्याने नर्सरीत जातात त्याच रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगावर, कोणी एक थेंब पाणी न घालता तरवड पिवळाधमक फुललेला असतो, त्याच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही. मला याचं खरंच वाईट वाटतं, म्हणून तरवडाबद्दल मला जे माहितीय ते सगळं एकदा नीट लिहून काढते.

तरवड म्हणजे सेना ऑरिक्युलाटा. जुन्या पुस्तकात किंवा जुन्या लेबलवर कॅशिया ऑरिक्युलाटा लिहिलेलं असतं, झाड तेच. काही भागात याला आवळ म्हणतात, तेलुगू लोक तंगेडू म्हणतात, तमिळमध्ये आवारम. सोलापूर, मंगळवेढा, जत, माण-खटाव, करमाळा, आष्टी, इकडे जेजुरी-बारामती-इंदापूर, जिथे वर्षाला ५००-६०० मिलिमीटर पाऊस पडला तरी लोक खूश होतात, तो सगळा याचा मुलूख. माळरान, ओढ्याचा काठ, बांध, रेल्वेलाईनची कड, कुठेही येतो. साधारण ५-६ फूट उंच होतो, चांगली जागा मिळाली तर त्याच्याही वर जातो, बुडापासूनच खूप फांद्या फुटतात त्यामुळे आपोआप गोल भरदार झुडूप तयार होतं. शेळ्या-मेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणूनच चरून चरून उघड्या पडलेल्या माळावर दुसरं काही शिल्लक नसलं तरी हा असतो. ज्यांच्या प्लॉटला अजून कंपाउंड नाही त्यांच्यासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

आधी ओळख पक्की करून घ्या, कारण इथेच जास्त घोळ होतो. नर्सरीत 'पिवळ्या फुलांचं देशी झुडूप द्या' म्हटलं की बहुतेक ठिकाणी टेकोमा हातात देतात. टेकोमाचं फूल घंटेसारखं, पाकळ्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि पानांच्या कडा करवतीसारख्या असतात. तरवडाच्या फुलाला पाच सुट्या पाकळ्या असतात, थोड्या चुरगळल्यासारख्या दिसतात, मधून लांब वाकडे पुंकेसर बाहेर आलेले. पान चिंचेच्या पानाच्या जातीचं पण पर्णिका मोठ्या, आठ ते बारा जोड्या, टोकाला गोल आणि त्या गोल टोकावर एक बारीकसं टोचरं टोक. सगळ्यात खात्रीची खूण मात्र देठाच्या बुडाशी आहे, जिथे पान फांदीला जोडलेलं असतं तिथे कानाच्या पाळीसारखी दोन हिरवी रुंद पानं असतात आणि ती गळून जात नाहीत, तशीच राहतात. वरच्या सगळ्या खुणांबरोबर ही खूणही जुळली की तरवड समजा.

टाकळा आणि कासविंदा ही याची भावंडं पण वेगळी झाडं आहेत. टाकळा तर पावसाळ्यात येऊन वाळून जाणारं तण, त्याचा फारसा प्रश्न नाही. कासविंद्याची पानं टोकदार असतात, जोड्या चार-पाचच, आणि चुरगळलं की उग्र घाण वास येतो. याच्याबद्दल मुद्दाम लिहितेय कारण कासविंद्याच्या बिया-शेंगा खाऊन लहान मुलं गंभीर आजारी पडल्याच्या आणि दगावल्याच्याही नोंदी उत्तर प्रदेशात झालेल्या आहेत. तेव्हा बी गोळा करताना झाडाची खात्री करा, आणि तरवडाच्या असोत की आणखी कुठल्या, या कुळातल्या बिया घरात लहान मुलांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका.

आता रोप आणायचं की बी? माझं मत स्पष्ट आहे, बी. सामाजिक वनीकरणाच्या किंवा देशी झाडांच्या रोपवाटिकेत रोपं कधी कधी मिळतात, मिळाली तर घ्या, पण पिशवी उचलून खाली बघा, खालून मूळ बाहेर येऊन जमिनीत घुसलेलं असेल किंवा पिशवीत गोल गोल फिरलेलं असेल तर ते रोप घेऊ नका, कितीही उंच आणि टवटवीत दिसत असलं तरी. तरवडाची सगळी ताकद त्याच्या सरळ खाली जाणाऱ्या सोटमुळात आहे. वरचं झुडूप वीतभर असतं तेव्हा खालचं मूळ त्याच्या कितीतरी पुढे गेलेलं असतं. ते मूळ वाकडं झालं किंवा तुटलं की झाड जगेलही, पण दुष्काळात टिकणारा तरवड म्हणतात तो नाही राहणार, दर उन्हाळ्यात तुमच्याकडे पाणी मागत बसेल. आणि कृपा करून माळावरचं झाड खणून आणू नका. मोठं झाड उपटताना सोटमूळ हमखास तुटतं, ते झाड तिकडून जातं आणि तुमच्याकडे पण लागत नाही.

बी गोळा करायचा मुख्य काळ म्हणजे दिवाळीनंतरचे महिने, साधारण डिसेंबर ते मार्च. दसरा-दिवाळीच्या बहराच्या शेंगा तोपर्यंत वाळतात. शेंग चपटी, कागदासारखी पातळ, बोटभर लांब, आतल्या प्रत्येक बीच्या जागी थोडी फुगलेली. तपकिरी होऊन हलवल्यावर खुळखुळ वाजली की तयार. हिरवी किंवा पिवळट शेंग तोडू नका, आतलं बी कच्चं असतं. शेंगेवर टाचणीने टोचल्यासारखी गोल भोकं दिसली तर त्यातलं बी किड्याने पोखरलेलं असणार, ती शेंग बाजूला काढा. एका झाडावरून सगळ्या शेंगा ओरबाडून आणायची काहीच गरज नाही, तीन-चार वेगवेगळ्या झाडांवरून मूठ मूठ घ्या, म्हणजे रोपांमध्ये थोडी विविधताही येते. घरी आणून सावलीत दोन-तीन दिवस पसरा, बी सोलून पुन्हा एकदा निवडा, आणि राखेत घोळवून कापडी पिशवीत किंवा काचेच्या बरणीत ठेवा. आपल्याकडे कडधान्याला राख लावून ठेवायची पद्धत आहे ना तीच इथे चालते.

या बीचं कवच फार टणक असतं. नुसतं मातीत टाकलं तर थोडी उगवतील, बाकीची तशीच पडून राहतील, काही तर पुढच्या पावसाळ्यात उगवतील. निसर्गात हे शहाणपणाचंच आहे, एका वर्षी पाऊस दगा देतो म्हणून सगळं बी एकदम उगवून चालत नाही. पण आपल्याला बागेत इतकं थांबायचं नसतं, म्हणून ते कवच थोडं मोडावं लागतं. सोपा उपाय गरम पाण्याचा. पाणी उकळा, गॅस बंद करा, एक-दोन मिनिटं थांबा आणि मग ते पाणी बियांवर ओता. बिया पाण्यात टाकून उकळायच्या नाहीत हं, तसं केलं तर आतला अंकुर मरतो. ओतलेलं पाणी आपोआप गार होऊ द्या आणि बिया रात्रभर त्यातच राहू द्या. सकाळी बघा, काही बिया चांगल्या फुगून दुप्पट झालेल्या असतील, काही जशाच्या तशा टणक असतील. फुगलेल्या लगेच पेरायच्या, न फुगलेल्यांवर पुन्हा एकदा तसंच गरम पाणी ओतायचं. बी थोडंच असेल, दहा-वीस दाणे, तर पॉलिश पेपरवर एका बाजूने हलकं घासायचं, वरचं तपकिरी कवच जाऊन आतला फिका रंग जरासा दिसला की बास, मग साध्या पाण्यात रात्रभर. घासताना ज्या बाजूला बी शेंगेला जोडलेलं होतं ते टोक सोडून द्या कारण अंकुर तिथून बाहेर येतो.

पेरणी कधी? मे संपताना किंवा पहिला वळीव झाल्यावर. बी सुमारे एक सेंटीमीटर खोल, त्याहून जास्त नको. माती ओलसर ठेवली तर आठ-दहा दिवसांत अंकुर दिसायला लागतात, काही उशिरा येतात, पिशवी फेकायची घाई करू नका.

शक्य असेल तर बी थेट जागेवरच पेरा. खड्डा तयार करून त्यात एका ठिकाणी तीन-चार फुगलेल्या बिया, नंतर त्यातलं सगळ्यात जोमदार रोप ठेवून बाकीची कात्रीने बुडाशी कापून टाका, उपटू नका, उपटताना शेजारचं मूळ हलतं. जागेवर उगवलेल्या रोपाचं मूळ पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वाटेने खाली जातं आणि पुढे जो फरक पडतो तो पाणी देताना कळतो. पण ज्यांच्याकडे उंदीर, घुशी, मुंगुसं, कोंबड्या असा सगळा त्रास आहे किंवा बांधकाम अजून चालू आहे त्यांनी पिशवीत करा. पिशवी रुंद नको, उंच हवी. भाजीच्या रोपांचे छोटे ट्रे अजिबात नकोत, कोकोपीटही नको, ते पाणी धरून बसतं. दोन भाग बागेतली माती, एक भाग जाड वाळू किंवा बारीक चाळलेला मुरूम, आणि मूठभर कुजलेलं शेणखत इतकं पुरतं. पहिल्या दिवसापासून उन्हात ठेवा, ग्रीन नेटखाली वाढवलेली रोपं लांबुळकी आणि नाजूक होतात. रोप वीतभर झालं की जागेवर लावून टाका, म्हणजे मे अखेरीस पेरलेलं जुलै-ऑगस्टपर्यंत जमिनीत गेलं पाहिजे. पुढच्या वर्षी लावू म्हणून पिशवीत ठेवलं की मूळ तळाला जाऊन गोल फिरलंच म्हणून समजा.

जागा निवडताना दोनच गोष्टी बघा, ऊन आणि निचरा. ऊन कमीत कमी सहा तास, सरळ. आंब्याच्या सावलीत, इमारतीच्या उत्तरेला, दोन भिंतींच्या बोळात तरवड लावू नका, जगेल पण फुलणार नाही, आणि फुलणार नसेल तर लावायचा कशाला. मुरमाड, खडकाळ, चुनखडीची, थोडी खारवट अशी ज्या जमिनीत गुलाब रुसतो ती याला चालते. बांधकामानंतर प्लॉटवर उरलेला भराव असतो ना, त्यातले सिमेंटचे गट्टे, प्लास्टिक काढून टाकलं तर तिथेही येतो.

अडचण काळ्या मातीची आहे. काळी माती पावसाळ्यात पाणी धरते, झाडाचं बूड आठ-आठ दिवस चिखलात राहतं आणि मुळं कुजतात. पानं पिवळी पडायला लागतात, लोकांना वाटतं पाणी कमी पडलं, अजून पाणी घालतात, संपलं. तेव्हा काळ्या मातीत खड्डा करण्यापेक्षा उंचवटा करा. एक-सव्वा फूट उंच आणि तीन-चार फूट रुंद, मुरूम आणि तिथलीच माती अर्धी अर्धी मिसळून, आणि त्यावर झाड लावा. एकाच रांगेत लावायची असतील तर लांब वरंबाच करून टाका, कमी कष्ट.

कोकण आणि गोव्यातल्या लोकांना मी सहसा तरवड लावा म्हणत नाही. उतारावरच्या जांभ्यात तग धरेल, पण २५०० मिलिमीटरच्या वर पाऊस हा त्याचा स्वभाव नाही. तिकडे करवंद आहे, अंजनी आहे, दोन्ही सदाहरित, दोन्ही तिथल्याच मातीतली, उन्हाळाही सोसतात, आणि अंजनीला जेव्हा फांदीफांदीवर निळी-जांभळी फुलं लगडतात तेव्हा तिच्यापुढे नर्सरीतलं काहीही टिकत नाही. आपापल्या भागातलं झाड लावलं की अर्धं काम झालेलं असतं.

लावायची रीत साधी आहे. दीड फूट लांब-रुंद-खोल खड्डा, मेमध्ये खणून आठ-पंधरा दिवस उन्हात तापू द्या. खड्ड्याच्या तळाला पहार मारून जमीन थोडी फोडा, विशेषतः खाली कठीण मांजऱ्या खडक किंवा मुरूम असेल तर, सोटमुळाला वाट मिळते. भरताना निघालेलीच माती, त्यात एक-दोन पाटी शेणखत, बास. खड्ड्यात सगळं बाहेरून आणलेलं पोयटा-खत भरलं तर मुळं त्या मऊ मातीतच रमतात आणि बाहेरच्या खऱ्या जमिनीत जायला मागत नाहीत. पिशवी ब्लेडने उभी चिरून काढा, मातीचा गोळा फुटू देऊ नका, पिशवीत जेवढं बूड मातीत होतं तेवढंच जमिनीत, जास्त खोल गाडू नका. दोन झाडांत चार-पाच फूट अंतर ठेवा, कुंपण करायचं असेल तर दोन-अडीच फूट.

आता पाणी. तरवड मेला असं जेव्हा जेव्हा ऐकते तेव्हा मी पहिलं विचारते, किती पाणी घालत होता? दहातल्या बहुतेक वेळा उत्तर येतं, रोज, थोडं थोडं. हेच नको. रोज तांब्याभर पाणी घातलं की वरची दोन इंच माती ओली राहते, मुळं वरवरच राहतात, आणि ज्या दिवशी तुम्ही गावाला जाता त्या दिवशी झाड मान टाकतं. द्यायचं तेव्हा भरपूर आणि मग थांबायचं. पावसाळ्यात लावलं असेल तर पाऊस असेपर्यंत काहीच नको, मोठी ओढ बसली तरच एकदा. पाऊस संपल्यावर पहिल्या हिवाळ्यात दहा दिवसांनी एक बादली. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्याला एक बादली, सावकाश, आळ्यात मुरेल असं, संध्याकाळी. दुसऱ्या उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांनी एकदा. तिसऱ्या वर्षापासून जमिनीत लावलेल्या तरवडाला पाणी बंद करा, अगदी मनावर दगड ठेवून बंद करा. मे महिन्यात पानं थोडी कमी होतील, खालची काही पिवळी होऊन गळतील, झाड जरा दमलेलं दिसेल, पण पूर्ण निष्पर्ण होत नाही आणि पहिल्या वळवानंतर आठवडाभरात बघा काय पालवी फुटते ती.

ड्रीप असेल तर तरवडाला वेगळी लाईन द्या किंवा दोन वर्षांनी त्याचा ड्रीपर काढून टाका. लॉनच्या शेजारी, जिथे रोज स्प्रिंकलर चालतो, तिथे हा लावूच नका. आळ्यात पालापाचोळा टाका, तो नसेल तर चपटे दगड रचा. दगडाखाली ओल टिकते आणि आपल्याकडे दगडाला काही तोटा नाही. फक्त पाचोळा बुडाला चिकटू देऊ नका, चार बोटं मोकळी जागा सोडा.

खताबद्दल थोडक्यात. वर्षाला पावसाच्या तोंडावर एक पाटी शेणखत किंवा कंपोस्ट, तेही पहिली दोन-तीन वर्षं. युरिया नको, नुसती पानं आणि लांब मऊ फांद्या वाढतात, फुलं कमी होतात. आणि शेंगा येतात म्हणून तूर-हरभऱ्यासारख्या याच्या मुळांवरही नत्राच्या गाठी असतील असं समजू नका, या गटातल्या झाडांना त्या येत नाहीत. पाला मात्र हिरवळीचं खत म्हणून उत्तम, छाटलेल्या कोवळ्या फांद्या तशाच दुसऱ्या झाडांच्या आळ्यात टाकायच्या.

छाटणी केली नाही तरी झाड जगतं, पण बागेत ते देखणं दिसायला हवं असेल तर करा. रोप दीड फुटाचं झालं की शेंडा खुडा, बाजूने फांद्या फुटतात. मग दरवर्षी मोठा बहर संपून शेंगा वाळल्या की, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत, वरचा एक तृतीयांश भाग कापा. फुलं नव्या फुटीच्या टोकाला येतात, त्यामुळे जितकी नवी फूट तितके जास्त तुरे. गणपतीच्या आसपास छाटू नका, तेव्हा कळ्या धरत असतात आणि नवरात्राचा बहर तुमच्या हाताने जाईल. झाड म्हातारं झालं, खालून उघडं पडलं, नुसत्या काटक्या दिसायला लागल्या तर मे अखेरीला जमिनीपासून फूटभर ठेवून सगळं कापून टाका, बुडातून पुन्हा जोरात फुटतो. याची साल चामडं कमवायला वापरली जायची, त्यासाठी पिढ्यान्पिढ्या लोक फांद्या तोडत आलेत आणि झाड परत परत फुटत आलंय. फक्त उभ्या झाडाची साल गोलाकार सोलली तर मात्र वरचा भाग मरतो.

फुलं बीपासून लावलेल्या झाडाला साधारण दुसऱ्या वर्षी सुरू होतात. तशी थोडी थोडी वर्षभर येत राहतात पण पावसाळा सरताना, भाद्रपद-अश्विनात जो बहर येतो तो खरा. त्या दिवसांत सकाळी आठ-नऊच्या सुमाराला झाडाजवळ दहा मिनिटं शांत उभं राहा. मोठा काळा भुंगा येतो, लाकडात भोक पाडून राहतो तो, फुलाला पायांनी घट्ट मिठी मारतो आणि अचानक त्याच्या गुणगुणण्याचा आवाज बदलतो, बारीक आणि तीव्र होतो. या फुलात मध नसतोच, नुसते पराग असतात आणि तेसुद्धा पुंकेसराच्या बंद नळीत, टोकाला फक्त बारीक छिद्र. भुंगा पंखांचे स्नायू थरथरवून ते अख्खं फूल हलवतो आणि त्या छिद्रातून परागांचा फवारा त्याच्या पोटावर उडतो. नीट बघितलं तर काळ्या अंगावर पिवळी पूड दिसते. आपल्या मधमाश्यांना ही थरथर जमत नाही, त्या नंतर येऊन पाकळ्यांवर सांडलेलं गोळा करतात. एका झुडपावर एवढं सगळं चालतं आणि त्यासाठी आपण फक्त एक बी पेरलेलं असतं. म्हणून तरवडावर कधीच कीटकनाशक मारू नका, बहरात तर नाहीच नाही. त्या भुंग्यांचा तुमच्या शेवग्याला, वेलवर्गीय भाज्यांना पण फायदाच होतो.

पावसाळ्यात पानांवर हिरव्या सडपातळ अळ्या दिसतील, बाजूला फिकी पांढरट-पिवळी रेघ असलेल्या, पानाच्या मधल्या शिरेवर अशा पडून राहतात की पटकन दिसत नाहीत. या एमिग्रंट नावाच्या फुलपाखरांच्या अळ्या, कॉमन एमिग्रंट आणि मॉटल्ड एमिग्रंट दोन्ही या कुळातल्या झाडांवर अंडी घालतात, शिवाय छोटी पिवळी ग्रास यलो पण. एखादी फांदी पूर्ण खाऊन टाकतात, खाऊ द्या. पंधरा दिवसांत तिथे नवी पानं येतात आणि अंगणात फिकी हिरवट-पांढरी फुलपाखरं भिरभिरायला लागतात. मुंग्या दिसल्या तरी घाबरू नका, पर्णिकांच्या जोड्यांमध्ये बारीक ग्रंथी असतात, त्यातला गोड रस खायला त्या येतात. लक्ष ठेवायचं ते पांढऱ्या पिठ्या ढेकणावर. शेंड्याला कापसासारखं दिसलं तर पाण्याचा जोराचा फवारा, तेवढ्याने नाही गेलं तर तेवढी फांदी कापून टाका. निंबोळी अर्क अगदीच गरज पडली तर आणि तोही फक्त त्या जागेवर.

फुलांचा उपयोग विचाराल तर आमच्याकडे नवरात्रात घटावर तरवडाच्या फुलांची माळ असते, बाजारात विकत घेण्यापेक्षा दारातली ताजी फुलं चांगली ना. सोलापुरातला तेलुगू समाज बतुकम्मा हा फुलांचा सण करतो, त्या फुलांच्या उतरंडीत तंगेडूचा मान मोठा, आणि २०१४ मध्ये तेलंगणा राज्य झालं तेव्हा त्यांनी राज्यफूल म्हणून हेच निवडलं. तमिळनाडूत वाळलेल्या फुलांचं पाणी उकळून पितात, श्रीलंकेत त्याला रणवरा म्हणतात आणि चहासारखं पितात. चव सौम्य असते. पण मधुमेहावर औषध म्हणून स्वतःच्या मनाने सुरू करू नका, विशेषतः गोळ्या चालू असतील किंवा घरात कोणी गरोदर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फुलं काढताना प्रत्येक तुऱ्यातली अर्धी झाडावर राहू द्या, भुंग्यांनाही लागतात आणि पुढच्या वर्षीच्या बीलाही.

कुंपण करताना मी नुसता तरवड कधीच सुचवत नाही. एक तरवड, एक करवंद, मध्ये हेकळ नाहीतर पिवळी कोरांटी असं मिसळून लावा. करवंद-हेकळाला काटे आहेत म्हणून गुरं आत येत नाहीत, तरवड वर फुलतो, आणि खाली मारवेल किंवा पवन्या गवत आपोआप येऊ दिलं तर माती वाहत नाही. तीन-चार वर्षांत या कुंपणात बुलबुल, शिंपी घरटी करायला लागतात. डुरांटा आणि मेंदीच्या कातरलेल्या भिंतींपेक्षा हे मला कितीतरी पटीने जास्त आवडतं, आणि त्याला पाणीही नाही लागत.

गच्चीवाल्यांसाठी शेवटचं. कुंडीत येतो, पण उंची तीन-चार फुटांवरच थांबते आणि पाणी पूर्ण बंद करता येत नाही, कारण खाली जायला जमीनच नाही. कुंडी मातीची किंवा सिमेंटची, कमीत कमी १६-१८ इंच खोल, तळाला तीन-चार मोठी भोकं आणि त्यावर खापराचे तुकडे. मिश्रणात निम्मा मुरूम. खाली प्लेट ठेवू नका, तिच्यात पाणी साचतं. उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांनी, हिवाळ्यात आठवड्याला, आणि दर वेळी बोट दोन पेरं मातीत घालून बघायचं, कोरडं लागलं तरच घालायचं. बी थेट कुंडीतच पेरा. दोन-तीन वर्षांनी जानेवारीच्या छाटणीत झाड अर्ध्यावर आणा, आणि वरची तीन-चार इंच माती खरवडून नवीन भरा, तेही मुळं न दुखवता. जमीन मिळाली तर मात्र कुंडीतलं जुनं झाड काढून लावायच्या भानगडीत पडू नका, त्याच्याच शेंगांमधलं बी घ्या आणि जूनमध्ये नव्या जागेवर पेरा.